पायरीखाली

"पायरीच्या वर मालक, पायरीच्या खाली बाप." राहुरीत माझ्या पुस्तकांच्या दुकानाला लागून मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. त्याचे मालक हे बोलताना हातातल्या पकडीनं दाराची दगडी पायरी दाखवायचे.

त्यांची लेक डिप्लोमा करून तिथंच कामाला लागली, तेव्हा तिच्या हाती पहिल्यांदा आला तो झाडू. जळालेल्या मोटारीतली काळी तार उपसणं हे नव्या माणसाचं काम. तेही तिच्याकडे आलं. कारागिरांनी तिला 'ताई' म्हणायचं नाही, तिनं बापाला 'आप्पा' म्हणायचं नाही.

पहिल्याच सोमवारी त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "उशीर का झाला?"

"मालक, तुमच्याच स्कूटरवर आले मी."

"मंग उद्यापास्नं माझ्या भरवशावर ऱ्हाऊ नको. येष्टी हाय."

कारागीर तोंड फिरवून हसले. ती मात्र दुसऱ्या दिवसापासून खरंच गावाहून एसटीनं येऊ लागली.

मी एकदा म्हटलं, "आप्पा, एकुलती एक लेक आहे. जरा जास्तच होतंय."

"वडलांच्या दुकानात आमी भाऊ जल्मापास्नं मालक हुतो," ते म्हणाले. "कामाला कोनीच नव्हतं. ते दुकान बंद हुताना मी पाह्यलंय."

दुपारी ते पायरी उतरायचे, सावलीत पोतं अंथरायचे. ती शेजारी येऊन डबा उघडायची.

"आप्पा, भाजी खारट झालीय का?"

"लई झ्याक झालीय," म्हणत ते पाणी पीत राहायचे.

तेवढा वेळ तिला बाप मिळायचा. रोज.

मागच्या उन्हाळ्यात, जेवणाच्या थोडं आधी, भिंतीपलीकडून तिची हाक आली. "मालक! मालक!" मी धावलो. ते कामाच्या टेबलावरच कलंडले होते. त्यांना उचलून पायरीखाली आणलं, तेव्हा कुठं तिनं "आप्पा" म्हटलं. तोवर सगळं संपलं होतं.

तेराव्यानंतर तिनं मला विचारलं, "काका, शेवटी त्यांच्या कानावर 'मालक' एवढंच गेलं असेल का हो?"

ती हाक अजून त्या भिंतीतून येते. मी पान उलटायचा थांबतो.

दुकान आता ती चालवते. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन झाडू मारते. दुपारी पायरीखाली पोतं अंथरते आणि एका कडेला बसते. परवा एक शेतकरी जळालेली मोटार घेऊन आला आणि त्यानं तिलाच विचारलं, "मालक कुठं हायती?"

तिनं शेजारची मोकळी जागा हातानं झाडली.

"जेवण होऊ द्या, दादा," ती म्हणाली. "इथं खाली कुणी मालक नसतो."