तळमजल्याचं मीटर

विद्यार्थ्यांच्या त्या इमारतीत वायरमनला सगळे बटणकाका म्हणत. पोरं कॉलेजला गेली की किल्ल्यांचा जुडगा घेऊन तो खोल्याखोल्यांतून फिरायचा. कुठे पंखा रिकाम्या खाटेला वारा घालतोय, कुठे दिवा भर उन्हात जळतोय. बटण बंद, आणि दाराला चिठ्ठी: ‘तुमचा पंखा एकटाच होता. झोपवला.’ पोरं चिठ्ठ्या वाचून हसत. लिहिताना त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नसे.

तळमजल्यावर, जिन्याखाली, त्याच्या दोन खोल्या. त्यातल्या आतल्या खोलीचा पंखा मात्र अकरा महिने सुरूच होता. बायकोला शेवटी शेवटी श्वास पुरत नसे. पंखा थांबला की ती डोळे उघडायची. तिला नेलं त्या सकाळी बंद करायचा राहिला, आणि नंतर बटणाकडे हात गेलाच नाही. तो बाहेरच्या खोलीत झोपे. दाराआडून पंख्याची घरघर येत राही. रडू काही आलं नव्हतं. घरघर होती, तेवढ्यावर भागत होतं. ती थांबली तर काय उरेल, हे त्यानं बघितलं नव्हतं.

यंदा वीज कमी व्हावी म्हणून त्यानंच जिन्यात फळा लावला. दर सोमवारी वरच्या तीन मजल्यांचे आठवड्याचे युनिट लिहायचे, माणशी किती पडतात ते. ज्यांचे सगळ्यांत कमी, त्यांना रविवारी गच्चीची किल्ली. पोरं इरेला पेटली. पहिल्या मजल्यानं इस्त्री सोडली आणि चुरगळलेल्या शर्टांची ऐट मिरवली. दुसऱ्या मजल्याचे सगळे एकाच खोलीत दाटीवाटीनं अभ्यासाला बसू लागले.

तिसऱ्या मजल्यावरची एक मुलगी चोरून पाणी उकळताना सापडली होती. तेव्हापासून तो तिला किटली म्हणे. एका सोमवारी ती फळ्यासमोर थांबली.

“काका, यात तळमजला कुठंय?”

“तिथं विद्यार्थी राहत नाहीत.”

“वीज तर राहते ना! माझी किटली पकडलीत, आता तुमचं मीटर दाखवा.”

“दाखवा, दाखवा!” जिन्यावरून गलका झाला.

त्यानं वही पुढे केली. सवयीनं तो चारही मीटरं वाचायचा. फळ्यावर लिहायचा तीनच. चौथ्याकडे त्यानं कधी आकडा म्हणून बघितलंच नव्हतं.

“सोळा!” किटली ओरडली. “आम्ही माणशी सहावर आलोय, काका! तुमच्याकडे एवढं राहतं तरी कोण?”

“कोणी नाही,” तो म्हणाला.

सगळे हसले. यंदाच आलेली पोरं ती, त्यांना काही ठाऊक नव्हतं. त्यानं खडू उचलला आणि तीन मजल्यांच्या खाली ‘तळमजला: सोळा’ असं लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं.

दुपारी तो आतल्या खोलीत गेला. बटणावर बोट ठेवून थोडा वेळ उभा राहिला. ‘तुमचा पंखा एकटाच होता.’ किती दारांना लावलं होतं हे, कुणास ठाऊक. त्यानं बटण बंद केलं. पाती मंदावली, वेगवेगळी दिसू लागली, थांबली. त्यांच्या कडांवर काळी धूळ बसली होती.

खाटेवर कोणी डोळे उघडले नाहीत.

तो वाट बघत राहिला. रडू आता येईल, असं त्याला वाटलं. आलं नाही. वर कुणीतरी खुर्ची सरकवली. हा आवाज त्या खोलीत कधी ऐकू आला नव्हता.

पुढच्या सोमवारी त्यानं चौथी ओळ लिहिली: तळमजला, तीन. किटलीनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग सगळा जिनाच वाजवू लागला.

“काका पहिले! रविवारी गच्चीची किल्ली तुमची!”

“बरं,” तो म्हणाला. किल्ली त्याच्याच जुडग्यात होती. खडूचे हात पँटला पुसून तो वरच्या खोल्या बघायला निघाला.