चर्चच्या स्लॅबचा सांधा

टेमघरच्या आमच्या चर्चचं छत दर पावसाळ्यात एकाच रेषेत गळतं. डांबर ओतून झालं, केमिकल झालं, काही उपयोग नाही. ती रेष माझ्यामुळे पडली.

आधी तिथे बंद पडलेला लूमचा कारखाना होता. लूमखालचे काँक्रीटचे चौथरे आम्ही घणाने फोडले, भिंती उभ्या केल्या. बांधकाम बघणाऱ्यांत सगळ्यात तोंडाळ आणि तापट मी.

स्लॅबच्या दिवशी फादरांनी प्रार्थना केली, पवित्र पाणी शिंपडलं. स्लॅबचं काम घेतलेला शेलार गावचा म्हातारा मिस्त्री मात्र नारळ आणायला बाजारात गेला होता. मला कुठला दम! मी मिक्सर सुरू करायला लावला. अर्धा स्लॅब पडला आणि मिस्त्री शिडीवरून वर आला.

"मला इचारल्याबिगर चालू केलंव? थांबवा! नारल न फोडता टाकलेल्या स्लॅबवरना माझा भाऊ पडून मेलाय."

"हे चर्च आहे, देऊळ नाही!" मी ओरडलो आणि त्याच्या हातातला नारळ हिसकावून रस्त्यावर भिरकावला. फुटला एकदाचा. मिस्त्रीने माझी कॉलर धरली. मी फावडं उचलून दांडा त्याच्या उजव्या मनगटावर हाणला. मिक्सरच्या घरघरीतही हाडाचा आवाज ऐकू आला. तो कळवळून खाली बसला, तरी मी त्याच जागी पुन्हा हाणला. त्या दुसऱ्या फटक्याची मला अजून लाज वाटते.

त्याचे मजूर काम टाकून उतरले. स्लॅब एका दमात टाकावा लागतो. आमचा अर्धा तसाच सुकला, उरलेला दोन दिवसांनी दुसऱ्यांनी टाकला. मधे सांधा राहिला.

दवाखान्यात मिस्त्रीने "सेंटरिंगच्या फळ्यांवरना पडलो" असंच सांगितलं. त्याच्या हातात पुन्हा थापी धरली गेली नाही. एका गोडाऊनवर वॉचमन म्हणून बसला. मी एकदाही भेटायला गेलो नाही, हिंमतच नव्हती.

गेल्या पावसाळ्यात त्याच्या एका जुन्या ख्रिस्ती मजुराच्या मुलीचं लग्न आमच्या चर्चमध्ये लागलं. मिस्त्री नेमका माझ्या पुढच्या बाकावर. वर बघत होता, सांध्यातून पाणी टपकत होतं. फादर म्हणाले, एकमेकांना शांती द्या. सगळे शेजाऱ्यांकडे वळून हात जोडायला लागले. त्यांचं बघून तोही मागे वळला. मी समोर दिसलो तरी त्याने हात उचलले. डावा सरळ आला, उजवा मनगटातून वाकडाच राहिला. तळवे काही जुळेनात.

मीही हात जोडले. माझे नीट जुळले.