तळघरातला कौल

फोन आला तेव्हा मी पुण्यात मुरांब्याच्या पाकाशी झटत होते. तिकडून, मिशिगनमधल्या नोव्हायहून, माझा मुलगा निखिल म्हणाला, "आई, बाबा गेले. झोपेतच." बाबा म्हणजे त्याचे सासरे, सून रेवाचे वडील, माझे व्याही दिनकरराव. अशा वेळी माणसाच्या तोंडून काही शहाणं निघावं की नाही? माझ्या तोंडून निघालं, "अरे देवा... आणि अजगर?" पलीकडे रडता रडताच निखिल हसला. "रेवापण पहिलं हेच बोलली गं." पाक अर्थातच करपला.

दिनकरराव मूळचे नागपूरचे. दिवसा मोटारींच्या ब्रेकवर काम करायचे आणि संध्याकाळी तळघरात उतरून अजगरांची लग्नं लावायचे. अजगर म्हटल्यावर बकरी गिळणारं धूड डोळ्यांसमोर आणू नका. हे आफ्रिकेकडचे, आपल्या हाताहून थोडे लांब, आणि इतके भित्रे की जरा खुट्ट झालं की स्वतःभोवतीच गुंडाळून चेंडू होतात. त्यांच्या अंगावरची नक्षी आईबापांकडून पिल्लांत कशी उतरते, हा दिनकररावांचा ध्यास. त्यातही त्यांना हवं होतं ते पांढऱ्या डागांचं पिल्लू. अर्धं अंग नक्षीचं, अर्धं दुधासारखं. या छंदातल्या लोकांत तेव्हा त्याचा मान आपल्याकडच्या पहिलटकरणीच्या मुलग्यासारखा होता.

मी त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले ती दोन हजार तीनच्या जुलैत, त्यांची रेवा निखिलसाठी बघायला. आता 'बघायला' म्हणजे काय, दोघांनी एकमेकांना वर्षभर चांगलं बघून घेतलं होतं. निखिलनं एवढंच सांगितलं होतं, "आई, तू नको म्हणालीस तर मी हे लग्न करणार नाही. पण मग दुसरंही करणार नाही." झालं! तेव्हाची मी म्हणजे कोकणातून पुण्यात आलेली, नऊवारीतून सहावारीत आलेली, पण डोक्यातून कुठेच न आलेली बाई. पर्समध्ये पत्रिका आणि जिभेवर आमच्या आजीचे तीन प्रश्न: घराण्यात कोड? वेड? फेफरं?

पोह्यांच्या बशा घेऊन स्वतः दिनकरराव आले, हातांत लोकरीचे मोजे घालून. बाहेर ऊन मी म्हणत होतं. मला वाटलं, इथल्या बड्या घरांतली रीत असेल, जाताना आपणही एक जोडी घ्यावी. त्यांच्या बायको, शैलाताई, त्या मोज्यांकडे सोडून सगळीकडे बघत होत्या. "रेवा, काकूंना पाणी दे." "मॉम, ऑलरेडी दिलंय. दोनदा." पोरगी मला तिथेच आवडली. पण आवडलं म्हणून लगेच हो म्हणायचं, तर सासूपण कशात राहिलं?

मी म्हटलं, "घर दाखवा ना." घराणं दिवाणखान्यात कळत नाही, मागच्या दारी कळतं, असं आमच्याकडे म्हणत. त्यांच्या मागच्या दारी नुसती हिरवळ. म्हणून मी थेट तळघराचा जिना धरला. "अहो, तिथे पसारा आहे हो..." शैलाताई म्हणेपर्यंत मी खाली. भिंतभर ड्रॉवर बघून वाटलं, वा, पापड-कुरडयांची काय व्यवस्था आहे! एक ओढला. त्यातल्या कुरडईनं डोकं वर केलं.

मी किंचाळले. अजगर माझ्याहून घाबरला आणि चेंडू झाला. मागोमाग आलेले दिनकरराव म्हणाले, "घाबरू नका बाप्पा. त्याला वाटलं, त्यालाच पाहायला आले." मग त्याला उचलण्यासाठी त्यांनी मोजे काढले. दोन्ही हात बोटांपासून मनगटापर्यंत पांढरे, मध्ये मध्ये मूळ रंगाची बेटं...

"कोड आहे, ताई," ते म्हणाले. "मोजे शैलानं घालायला लावले. पण मला लपवून लग्न नाही करायचं. तुम्ही विचारणारच, म्हणून आधीच दाखवतो."

प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर आलं की बाईमाणसाची फार पंचाईत होते. मी घाईघाईनं सापांवर गेले. म्हटलं, "ती पेटी कसली?" काचेचं झाकण असलेल्या उबदार पेटीत पाच-सहा पांढरी अंडी होती. दिनकरराव एकदम खुलले. त्या अंड्यांचे आईबाप दिसायला अगदी साधे, तपकिरी. पण दोघांच्याही आत एकेक पांढरा डाग लपलेला. पिल्लाला दोघांकडूनही मिळाला तरच तो अंगावर उमटतो. एकाकडूनच मिळाला तर पिल्लू साधंच दिसतं, आणि डाग आतल्या आत पुढच्या पिढीत जातो. "किती वर्षं वाट बघतोय, ताई. आजवर एकही नाही निघालं."

"आणि हे आईबाप... एकमेकांचे कोण?"

"एका आजोबांची नातवंडं."

"सगोत्र!" मी म्हटलं. "आणि तेही तळघरात!"

हसता हसता ते माझ्यासाठी खुर्ची आणायला वर गेले, आणि तेव्हाच्या मला एक दिव्य कल्पना सुचली. आमच्या गावी कुठल्याही कामाआधी कौल लावतात. देवाच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. नोव्हायला गुरव कुठून आणू? मी पेटीसमोर हात जोडले. 'देवा, यातून एक जरी डागाचं निघालं, तर तुझा नकार समजेन. सगळी साधी निघाली, तर होकार.' अजगराच्या अंड्याचा आणि रेवाच्या लग्नाचा संबंध काय, हे मला सुचलं नाही. म्हणजे बघा, ज्या पिल्लासाठी तो माणूस वर्षानुवर्षं झुरत होता, तेच निघालं तर त्याच्या लेकीचं लग्न मोडणार, अशी सोय मी करून ठेवली.

पुढच्या रविवारी त्यांचा फोन आला, "अंडी फुटली. येता का बघायला?" मी निखिलला गाडी काढायला लावली. प्रत्येक अंड्याला चीर, आणि चिरेतून बाहेर एकेक इवलंसं डोकं. पिल्लं म्हणे अशीच दिवसभर नाक बाहेर काढून बसतात. मी चष्मा पुसून एकेक डोकं तपासलं. तपकिरी, तपकिरी, सगळी तपकिरी! माझा जीव भांड्यात पडला. दिनकररावांचा चेहरा बघायचंही भान मला नव्हतं. मी जिन्यातूनच ओरडले, "शैलाताई, साखर आणा! माझा होकार आहे!" निखिलनं मला उचललंच. रेवानं वाकून नमस्कार केला, तोही अगदी बरोबर.

दुसऱ्या दिवशी आम्ही बोलणी करायला गेलो, तर दिनकरराव दारातच उभे, ओंजळीत काहीतरी धरून. पांढऱ्या ओंजळीत पांढरं पिल्लू! डोकं तपकिरी, आणि मानेखाली सगळं दूध. "या जातीचं डोकं नेहमी तपकिरीच असतं, ताई," ते म्हणाले. "अंग बाहेर आल्यावरच कळतं."

होकार देऊन, साखर खाऊन झालेली. आमच्याकडे डावा कौल आला की प्रश्न बदलून पुन्हा विचारतात. मी विचारलं, 'देवा, मी मूर्ख आहे का?' पिल्लानं जीभ बाहेर काढली.

लग्न झालं, दणक्यात झालं. त्यानंतर विहीण म्हणून मी त्यांना छळलं आणि व्याही म्हणून त्यांनी मला. त्यांच्या फ्रीझरमध्ये खोवलेल्या नारळाशेजारी सापांसाठी गोठवलेले उंदीर असत. मी सोलकढीची वाटी उचलली की ते हमखास म्हणत, "विहीणबाई, पाकीट नीट वाचलं होतं ना?"

गेल्या दिवाळीत मी तिकडे होते. ते थकले होते, तळघरातल्या खुर्चीत बसूनच सगळं बघत. मला काय वाटलं कोण जाणे, मी त्यांना कौलाची सगळी गोष्ट सांगितली. वाटलं, खो खो हसतील. ते नुसते मान हलवत राहिले.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"कसं शक्य आहे? मी मनात बोलले होते!"

"विहीणबाई, तुम्ही मनात बोलता ते जिन्यापर्यंत ऐकू येतं."

मग त्यांनी सावकाश सांगितलं. त्या रविवारी, मला फोन करायच्या आधी, त्यांनी एका अंड्याची चीर बोटानं जरा फाकवून पाहिली होती. आत पांढरं दिसलं. इतक्या वर्षांनी! धावत वर जाऊन शैलाताईंना सांगावंसं वाटलं, पण सांगितलं नाही. चीर तशीच मिटवली आणि मला बोलावलं... "मोजे शैलाचे. मी माझे हात कधी लपवले नाहीत," ते म्हणाले. "आयुष्यात डाग लपवला तो एकदाच. तोही सापाचा, आणि एक दिवस."

मी त्यांच्यासमोर हात जोडले. त्यांनी तो विजय बरीच मिनिटं उपभोगला.

आता मी नोव्हायला आले आहे. अजगर आहेत तिथेच आहेत, रेवा त्यांना खायला घालते. कुठलाही ड्रॉवर उघडण्याआधी, आतला घाबरून चेंडू होऊ नये म्हणून, दिनकरराव त्यावर बोटानं टकटक करून विचारायचे, "येऊ का?" रेवाही न चुकता विचारते. तिची तीन वर्षांची ईरा आजोबांकडून नेमकी तेवढीच गोष्ट शिकली आहे आणि ती घरभर करते. कपड्यांचं कपाट, फ्रिज, चमच्यांचा ड्रॉवर, सगळ्यांना टकटक, "येऊ का?" काल माझ्या पाठीवर टकटक झाली. मी म्हटलं, "ये." तिनं मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आजी, यू आर नॉट स्केअर्ड?"

"नाही गं," मी म्हटलं. "आता नाही."