सासूबाईंबरोबर तांड्यांच्या वाटेनं

ट्रिप बुक केली होती माझ्या नवऱ्यानं, पण त्याच्या प्रोजेक्टचं गो-लाइव्ह, म्हणजे नवी सिस्टीम चालू करणं, नेमकं त्याच आठवड्यात आलं. तो शिकागोजवळ शॉमबर्गला ऑफिसात अडकला आणि सगळं कॅन्सल करायला निघाला. तेव्हा सासूबाई पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "आम्ही दोघी जातो की. पैसे भरलेच आहेत."

हे २००५ सालचं. आदल्या हिवाळ्यात माझे सासरे अमरावतीला वारले होते आणि जूनमध्ये सासूबाई आमच्याकडे आल्या होत्या. लग्नाला चार वर्षं झाली तरी मी त्यांना ओळखत नव्हते म्हटलं तरी चालेल. मी पुण्याची. लग्नानंतर पंधरा दिवसांत आम्ही इकडे आलो, आणि मग जे काही बोलणं झालं ते फोनवर, रविवारी सकाळी, आळीपाळीनं. आता त्या घरात होत्या, तरी दिवसभर खिडकीशी बसून पार्किंग लॉटकडे बघत. नायगारा नको म्हणाल्या, वॉशिंग्टन नको म्हणाल्या. रांगेत उभं राहणं गुडघ्याला झेपत नव्हतं. नवऱ्याला लायब्ररीत या सहलीचं पत्रक मिळालं. बसनं जायचं, बरोबर माहिती सांगणारा गाइड, बरीचशी वयस्कर मंडळी. त्यानं विचारलं, त्या नाही म्हणाल्या नाहीत, एवढ्यावर त्यानं बुकिंग केलं.

सहल होती जुन्या व्यापारी तांड्यांच्या वाटेवरून. रेल्वे येण्याआधी मिसूरीतून कापडाचे गठ्ठे, भांडी, लोखंडी सामान भरून गाड्यांचे तांडे निघत. बैल नाहीतर खेचरं जुंपलेली. महिना-दोन महिने माळ तुडवत ते सांता फेला पोचत, आणि येताना चांदी, कातडी, खेचरं घेऊन परतत. त्याच्याही आधी इथल्या मूळच्या लोकांच्या पायवाटा त्याच अंगानं जात होत्या. आमचा गाइड कॅन्ससचाच, शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेला, उंच, वाकलेला माणूस. माइक हातात घेऊन तो सांगायचा आणि मी सासूबाईंच्या कानाशी मराठीत. 'कॅरॅव्हॅन'ला मी पहिल्यांदा 'काफिला' म्हटलं. त्या म्हणाल्या, "तांडा म्हण ना. लमाणांचे तांडे मीठ घेऊन यायचे, माझी आजी सांगायची." मग आम्ही तांडाच म्हणायला लागलो.

बसमध्ये आमच्या पलीकडच्या सीटवर एक म्हातारं जोडपं होतं. नेब्रास्काचे शेतकरी. शेती विकून गावात राहायला आलेले. त्यांचे कुणीतरी खापरपणजोबा या तांड्यांत गाडी हाकत होते, असं आजोबांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं. सगळा जन्म या वाटेपासून काही तासांवर काढला, पण शेतीच्या रगाड्यात बघायला यायला जमलं नाही. आजी फार बोलत नसत. केस नीट विंचरलेले, कार्डिगनची बटणं मात्र वरखाली लागलेली. थोड्या थोड्या वेळानं त्या नवऱ्याला विचारत, आपण कुठे चाललोय. ते दर वेळी तितक्याच शांतपणे सांगत.

पहिले दोन-तीन थांबे मी एकटीच उतरले. सासूबाई गुडघ्यामुळे बसमध्ये, आणि ते जोडपंही बसमध्ये. आजींना अनोळखी जागी उतरायची भीती वाटायची आणि त्यांना एकटं सोडून आजोबा जाऊ शकत नव्हते. मी परत आले की आजोबा विचारत, काय होतं तिथे. मी सांगे. ते मान हलवत.

मग कॅन्ससच्या पश्चिम भागात ती जागा आली जिथे गाड्यांच्या चाकोऱ्या अजून दिसतात. दिसतात म्हणजे नुसत्या रेघा नव्हेत. हजारो गाड्या शेजारी शेजारी गेल्यानं जमीनच पन्हाळीसारखी खोल झाली होती आणि वर गवत माजलं होतं. गाइडनं सगळ्यांना सांगितलं, आता मी बोलणार नाही, तुम्हीही बोलू नका, थोडं चालून या. लोक उतरायला लागले. आजोबा काचेला नाक लावून बघत होते.

सासूबाई म्हणाल्या, "त्यांना सांग, तुम्ही जा म्हणावं. मी बसते हिच्यापाशी."

मी संकोचून म्हटलं, "आई, तुम्हाला इंग्लिश येत नाही. त्या घाबरल्या तर?"

"तू सांग तर."

मी सांगितलं. आजोबा आधी नको म्हणाले, मग सासूबाईंकडे बघितलं आणि हॅट घेऊन उठले. सासूबाई त्यांच्या जागेवर जाऊन बसल्या. पिशवीतून वातींचा कापूस काढला, त्यातला एक पुंजका आजींच्या हातात ठेवला, आणि स्वतः तळव्यावर वात वळून दाखवली. आजी बघत राहिल्या. मग त्यांनीही वळायला सुरुवात केली. वात कसली, सुरवंटच, पण सासूबाई मराठीत म्हणाल्या, "छान. अजून एक कर." आणि आजी इंग्लिशमध्ये काहीतरी त्यांच्या कोंबड्यांबद्दल सांगायला लागल्या. मी थोडा वेळ दाराशी घुटमळले आणि मग उतरले.

आजोबा खूप लांब गेले होते. सगळे परतले तरी ते गवतात उभेच. गाइडनं ड्रायव्हरला हातानंच थांब म्हटलं. ते आले तेव्हा त्यांच्या पँटला गुडघ्यापर्यंत कुसळं चिकटली होती. बसमध्ये चढून पाहतात तर बायकोच्या मांडीवर कापसाच्या वातींचा ढीग आणि ती हसतेय. सासूबाईंना हात जोडून नमस्कार करायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक, पण त्यांनी तो केला.

त्यानंतर तसंच ठरून गेलं. बस थांबली की आजोबा उतरत आणि सासूबाई आजींपाशी बसत. आजी त्यांना बहिणीच्या नावानं हाक मारत. मी एकदा दुरुस्त करायला गेले तर सासूबाईंनी मलाच गप्प केलं. "राहू दे. तिला बहीण भेटली ना, मग झालं."

कोलोरॅडोत शिरल्यावर एक मातीच्या विटांचा किल्ला लागला. व्यापाऱ्यांनीच बांधलेला, तांड्यांच्या मुक्कामाचा. मूळचा पडला, हा तसाच पुन्हा उभारलेला. आत मोठं अंगण होतं, सावली होती, तिथे आजीही उतरायला तयार झाल्या. मागच्या गोठ्यात बैलांची जोडी बांधली होती. सासूबाई बराच वेळ त्यांच्याकडे बघत होत्या. "यांना वशिंडच नाही," त्या म्हणाल्या. "मग जू टिकतं कशावर?" मी आजोबांना विचारलं. त्यांनी जुवाला खालून बसवलेली लाकडी कमान दाखवली, बैलाच्या गळ्याभोवती जाणारी. सासूबाईंनी कमानीवरून हात फिरवला आणि मान डोलावली. त्या दिवशी पहिल्यांदा त्या मला आमच्या घरी खिडकीशी बसून राहणाऱ्या नाही, कुठेही मोकळेपणानं वावरू शकणाऱ्या बाई वाटल्या.

मग आम्ही चौघं अंगणातल्या बाकावर बसलो. आजी माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या. आजोबा हलक्या आवाजात माझ्याशी बोलायला लागले. दोन मुलं आहेत, म्हणाले, एक मुलगी ऑरेगनला, मुलगा टेक्सासला. आईला थोडं विसरायला होतं एवढंच त्यांना माहीत आहे. किती, ते आजोबांनी सांगितलेलं नाही. मुलांच्या मागे त्यांचे व्याप आहेत, म्हणाले, शिवाय फोनवर ती ठीक वाटते, मी शेजारी बसून तिला काय बोलायचं ते सुचवतो.

सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणून राहिले ते?" मी मराठीत सांगितलं.

त्या आजोबांकडे बघून, माझ्याकडे नाही, मराठीत बोलायला लागल्या. "त्यांना सांग, माझ्या नवऱ्याचंही असंच होतं. शेवटचं दीड वर्ष."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. आम्हाला हे माहीत नव्हतं. बाबा हार्ट अटॅकनं गेले एवढंच माहीत होतं.

"सांग ना त्यांना," त्या म्हणाल्या.

मी सांगितलं. माझं इंग्लिश अडखळत होतं. त्या एकेक वाक्य बोलत आणि थांबत, आणि मी ते पुढे देत होते, जणू ते दुसऱ्या कुणाच्या घरातलं होतं. रविवारी मुलाचा फोन यायचा, त्या म्हणाल्या. मी ह्यांचा हात धरून बसायची. हात दाबला की म्हणायचे, बरं आहे, सांभाळून राहा. तेवढं पाठ करून घेतलं होतं. मुलाला वाटायचं, बाबा कमी बोलतात. त्याच्या ग्रीन कार्डचं चालू होतं, अमेरिकेबाहेर गेलो आणि व्हिसाच्या स्टँपिंगला अडकलो तर नोकरी जाईल असं तो म्हणाला होता. म्हणून नाही सांगितलं. "एकदा फोन ठेवल्यावर मला म्हणाले, कोण होता गं तो? चांगल्या घरचा मुलगा वाटतो."

हे वाक्य मला इंग्लिशमध्ये नीट सांगताच येईना. दोनदा प्रयत्न केला. आजोबांना पहिल्याच वेळी कळलं होतं.

"त्यांना सांग," सासूबाई म्हणाल्या, "मुलांना कळू द्या. त्यांना यायचं असेल तर येतील, नसेल तर नाही. पण ते आपण नाही ठरवायचं. मी ठरवलं होतं."

आजोबांनी हॅट काढून गुडघ्यावर ठेवली. त्यांनी मुलांना फोन करीन असं वचन वगैरे दिलं नाही. नुसतं विचारलं, तुमच्या मुलाला आता तरी माहीत आहे का? मी हे मराठीत करायच्या आधीच सासूबाईंना कळलं असावं. त्यांनी मान हलवली, नाही.

त्या संध्याकाळी मोटेलात मी विचारलं, "आई, मी सांगू का त्याला?"

"नको. माझं आहे ते. मी सांगेन." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "तुला वाईट वाटलं का, असं तिसऱ्याच्या समोर कळलं म्हणून?"

मी म्हटलं, नाही. आणि खरंच नव्हतं वाटलं. मी त्यांचा गुडघा शेकून दिला. त्यांनी शेकू दिला, हीच मोठी गोष्ट होती.

सांता फेला चौकात सहल संपली. गाइड हॅट हलवून मोकळा झाला, लोक फोटो काढून पांगले. आजी सासूबाईंचा हात सोडेनात. शेवटी सासूबाईंनी त्यांच्या कार्डिगनची बटणं काढून नीट लावून दिली, एकेक करत, आणि गाल कुरवाळून म्हणाल्या, "येते हं."

शिकागोला नवरा एअरपोर्टवर घ्यायला आला होता. गो-लाइव्ह पार पडलं होतं, चेहरा ओढलेला होता. गाडीत सासूबाई बैलांबद्दल बोलल्या, किल्ल्याबद्दल बोलल्या. मी वाट बघत होते. त्या बोलल्या नाहीत.

बोलल्या रविवारी सकाळी. तो ओट्याशी चहा करत होता. त्यांनी नेब्रास्काच्या आजींपासून सुरुवात केली आणि मग न थांबता बाबांवर आल्या. त्यानं गॅस बंद केला. सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं तो चिडेल. त्यानं एवढंच विचारलं, "मला ओळखायचे नाहीत?"

"नाव नाही आठवायचं," त्या म्हणाल्या. "पण फोन वाजला की सरळ बसायचे. शर्टाची कॉलर नीट करायचे. दुसऱ्या कुणाच्या फोनला नाही."

मग त्यांनी त्याला ते वाक्य सांगितलं, चांगल्या घरच्या मुलाचं. तो हसला, आणि हसता हसताच टेबलावर डोकं ठेवून रडला. वडील गेल्यावर विमानातून उतरून थेट घाटावर गेला होता, तेव्हाही त्याला मी रडताना पाहिलं नव्हतं. सासूबाई उठून त्याच्या मागे उभ्या राहिल्या, पाठीवर हात ठेवून.

त्यानंतर तो रोज ऑफिसातून आला की एकेक विचारायचा. बाबा दिवसभर काय करायचे. जेवायचे का नीट. रागवायचे का. त्या सांगायच्या, कधी हसत, कधी डोळे पुसत. अंगणात गेले आणि दुसऱ्याच्या घरी जाऊन बसले तेही, आंघोळीला नाही म्हणायचे तेही. दीड वर्ष त्यांनी एकटीनं जे बघितलं होतं, ते डिसेंबरात परत जाईपर्यंत त्यांनी सगळं त्याला देऊन टाकलं. एकदा मी स्वयंपाकघरातून ऐकलं, तो म्हणत होता, "आई, तू कसं केलंस गं हे सगळं?" आणि त्या म्हणाल्या, "केलं. तुझे बाबा काही जड नव्हते."

मी कुकरचा गॅस बारीक केला आणि दोघांना तसंच बोलत बसू दिलं.