अण्णांची गाडी आणि पिन्नींचं ‘चालु’

माझ्या सासऱ्यांची मोटारसायकल सिग्नल फार मनापासून पाळायची. लाल दिव्याला चाकं थांबली की तिचं इंजिनही थांबायचं, आणि मग हिरवा लागला तरी ती हलायची नाही.

गाडी विलायती, त्यांच्या वडिलांच्या वेळची. हैदराबादेत आमच्या चिक्कडपल्लीच्या गल्लीत एव्हाना जपानी इंजिनांच्या गाड्या आल्या होत्या, गच्च्यांवर डिश लागल्या होत्या. देशाचं उदारीकरण झालं होतं. अण्णांचं (म्हणजे सासऱ्यांचं) व्हायचं होतं. नोकरीच्या पहिल्या दिवशी ते याच गाडीवरून ऑफिसात गेले होते आणि शेवटच्या दिवशीही त्यांना तिच्यावरूनच जायचं होतं. तो शेवटचा दिवस उद्यावर आला होता.

“चौरस्त्यात बंद पडली आणि ढकलत न्यावी लागली,” अंगणात येरझाऱ्या घालत ते म्हणाले, “तर लोक म्हणतील, दोघं जोडीनं रिटायर झाले.”

बोलणं थट्टेचं होतं, पण येरझाऱ्या थांबत नव्हत्या. मला त्यांच्याबद्दल खरंच माया दाटून आली. आणि पुणेकराला माया दाटून आली की तो सल्ला देतो! कार्बुरेटरचं सेटिंग बिघडलंय, पाच मिनिटांचं काम आहे, मी करून देतो, असं मी सांगून टाकलं. (मी कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी हैदराबादला आलेला इंजिनिअर. कार्बुरेटरशी माझी ओळख परीक्षेपुरती, आणि तिथंही तो मी ऑप्शनला टाकला होता.)

काम वाचायला सोपं होतं. इंजिन सुरू ठेवून हवेचा स्क्रू हळूहळू सैल करायचा आणि आवाज भरीव झाला की थांबायचं. हादऱ्यांनी स्क्रू आपोआप फिरू नये म्हणून त्यावर एक बारकी स्प्रिंग असते. मी सैल केला, गाडी खोकली. आवळला, गाडी गुदमरली. पुन्हा सैल, पुन्हा खोकला. अण्णा दर फेरीला माझ्यामागून “झालं का?” विचारून पुढं जात होते. मला ना धड बसवत होतं, ना उठवत होतं.

गाडीशेजारीच सासूबाई आणि शेजारच्या पिन्नी आवकायचं, म्हणजे तिथल्या झणझणीत कैरीच्या लोणच्याचं, वर्षाचं काम काढून बसल्या होत्या. पिन्नी म्हणजे तेलुगूत मावशी. या पिन्नी व्हायोलिन शिकवायच्या, त्यामुळे माझं इंजिन त्यांना माझ्यापेक्षाही जास्त सहन होत नव्हतं. शेवटी त्या म्हणाल्या, “तुम घुमाव बाबू, मैं सुनके बोलती.” दोन्ही हात कोपरापर्यंत तिखटात, म्हणून खुणा नाहीत, फक्त तोंडी कारभार.

मी फिरवू लागलो. खोकला थांबला. पिन्नींनी डोळे मिटले.

“चालु,” त्या म्हणाल्या.

मी चालू ठेवलं.

“चालु बाबू.”

आणखी फिरवला.

“चालु, चालु!”

इतकं प्रोत्साहन मला सासरी कधीच मिळालं नव्हतं. मी झपाझप फिरवत सुटलो. स्क्रू माझ्या हातात आला, स्प्रिंग टुणकन उडून लोणच्याच्या परातीत गेली आणि इंजिननं मान टाकली.

बायको स्वयंपाकघरातून धावत आली. “अहो, चालु म्हणजे पुरे! तेलुगूत चालु म्हणजे पुरे!”

सासूबाईंना हे पहिल्यापासून कळत होतं. मग बोलल्या का नाहीत, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, “मला वाटलं, इंजिनिअर माणूस, काहीतरी विचार असेल.”

मग मी परातीत हात घातला. तिखट, मोहरी, तेल, कैऱ्या, सगळं चिवडलं; त्याच हातानं डोळा चोळला; पुढचं बरंचसं शोधकार्य एका डोळ्यानं केलं. स्प्रिंग मिळाली नाही. बाजारात दुकानदारानं गाडीचं नाव ऐकूनच हात जोडले. “उस गाडी का सामान अब उस गाडीच में मिलता, साब.”

पिन्नींनी पुन्हा कान लावून सेटिंग करून दिलं (या वेळी मी त्यांना ‘बस’ म्हणायची गळ घातली). गाडी सुरेल झाली. फक्त स्प्रिंग नसल्यानं हादऱ्यांनी स्क्रू फिरायचा आणि ती पुन्हा खोकायची. स्क्रूवर बोट दाबून धरलं की ठीक. अण्णांच्या येरझाऱ्या प्रथमच थांबल्या. त्यांनी माझ्या बोटाकडं पाहिलं.

“जावईबापू,” ते म्हणाले, “उद्या सुट्टी घ्या.”

दुसऱ्या दिवशी कडक इस्त्रीत अण्णा पुढं, आणि मागच्या सीटवर त्यांच्या पाठीला गाल चिकटवून, त्यांच्या मांडीखालून हात घालून मी. चौरस्त्यावर लाल दिवा लागला. बोट बधिर झालं होतं, पण इंजिन थांबलं नाही. अण्णांची पाठ ताठ झालेली मला गालाला कळली, आणि माझेही डोळे भरून आले. (एक तिखटामुळं आधीपासूनच भरलेला होता.)

ऑफिसच्या फाटकात सगळे हार घेऊन उभे होते. इंजिन बंद करायला अण्णा तयार होईनात. फोटो सुरू गाडीवरच हवा होता. फोटोग्राफर मला म्हणाला, तुम्ही जरा बाजूला व्हा.

“नक्को,” अण्णा म्हणाले. “त्यांना काढलं तर गाडी बंद पडते.”

तो फोटो अजून सासरच्या बैठकीत आहे. अण्णा हारात, गाडी झोकात, आणि खालून आलेला नुसता एक हात. पाहुणे विचारतात, हा कुणाचा. सासूबाई कौतुकानं सांगतात, “जावयांचा.” लग्नाच्या अल्बममध्ये मी अख्खा आहे, पण तो अजून कुणी बघायला मागितलेला नाही.