करडाची माय

फिनेलचा वास आला की मला केजजवळची आमची अंगणवाडी आठवते. त्या दिवशी तपासणीला मॅडम येणार होत्या, म्हणून मी सकाळीच फरशी पुसायला घेतली होती. शेळ्या राखणाऱ्या घरातली चार वर्षांची एक पोर कोपऱ्यात बसली होती. तिनं चिंचोके ओळीनं मांडले होते आणि प्रत्येक चिंचोक्यापुढं ती एकेक खडा ठेवत होती. संध्याकाळी शेळ्या रानातून आल्या की करडं आपापल्या मायखाली प्यायला सोडतात, तसंच तिचं चाललं होतं. शेवटी एक खडा उरला. तो मुठीत धरून ती पुन्हा पहिल्यापासून एकेक जोडी बघायला लागली. मी दोनदा हाक मारली, तिला ऐकूच गेली नाही. तेवढ्यात बाहेर जीप थांबली आणि मी तो सगळा पसारा झाडूनं दाराबाहेर लोटून दिला. ती रडली नाही. मूठ उघडून खडा दाखवत एवढंच म्हणाली, "बाई, ह्याची माय कुठं हाय?" मॅडमनी तिला अंक म्हणायला सांगितले, तर ती मुठीतल्या खड्याकडंच बघत राहिली. मीच घाईघाईनं बोलले, "हिला मोजायला न्हाई येत अजून, मॅडम. नुसती खेळती." मॅडमनी ते लिहून घेतलं. आता माझी नात वाट्या मांडत बसली की मी झाडू घेऊन दारातच थांबते, तिचं पुरतं झाल्याशिवाय आत जात नाही. पण त्या पोरीला मोजता येत होतं, हे मला त्या दिवशीही दिसलं होतं.