आजोबांचा फोन जोडला जात नव्हता

प्रिय गौरी आणि शिवम,

रविवारी व्हिडिओ कॉलवर शिवमने पुन्हा विचारलं, आजोबांच्या रेकॉर्डिंगचं काही झालं का? आणि मी पुन्हा तेच सांगितलं – फोन पाण्यात पडला, दुकानदार म्हणाला आत काही राहिलेलं नाही. दोन वर्षं हेच सांगत आले. ते खरं नाही. मंगळवारी इथे जे घडलं, त्यानंतर कॉलवर खरं बोलायचं ठरवलं होतं, पण तुमचे चेहरे दिसले आणि धीर झाला नाही. म्हणून लिहिते आहे.

आधी एक सांगते. छत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. कुणी भुताखेताचं सांगू लागलं की मी शांतपणे विचारायची, पुरावा काय? आजही माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही... निदान मंगळवारी दुपारी चारपर्यंत नव्हता.

तुमची वैशालीमावशी, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, सध्या जिंतूरला माझ्याकडेच राहून कंपनीचं काम करते. ती एक ॲप बनवते आहे. शेतकऱ्याने फोनमध्ये बोलायचं, प्रश्न नोंदला जातो. जुन्या फोनवर ते चालतं का, हे तिला बघायचं होतं. मी कपाटातून आजोबांचा फोन काढून दिला.

तिने तो वायरने लॅपटॉपला जोडला. ॲपमधल्या चुका शोधायचा एक प्रोग्राम असतो, डिबगर. तो जोडला जाण्याआधी फोनच्या पडद्यावर एक चौकट यावी लागते – या कॉम्प्युटरला परवानगी द्यायची का? ती चौकट येईचना. लॅपटॉपवर फोन दिसत होता, पुढे लिहिलेलं, परवानगी नाही. तिने वायर बदलली, दोन्ही बंद करून चालू केले, सेटिंगमधल्या जुन्या परवानग्या पुसल्या. मी प्रत्येक गोष्ट वहीत लिहून खूण करत होते. अकरा खुणा झाल्या.

"मावशी, लय झालं आता," ती म्हणाली. "ह्यो फोन काका गेल्यावर रिसेट कुणी केला? त्यात कायतरी अर्धवट राहिलं असंल."

"दुकानदाराने," मी म्हणाले.

ती पुन्हा कामाला लागली. मी वहीत बघत बसले. 

तुमचे आजोबा चुडाव्याच्या स्टेशनवर क्लार्क होते, हे तुम्हाला माहीत आहे. शेवटच्या वर्षी रोज दुपारी ओसरीत बसून ते तुमच्यासाठी फोनमध्ये बोलायचे. स्टेशनवरच्या गमती, त्यांचे वडील शिकले ती उर्दू शाळा, पेडगावचा मामा. आणि कसं बोलायचे – लय, हाय, न्हाई. मला ते ऐकवायचं नाही. मी आतूनच म्हणायची, "अहो, मुलं परदेशात शिकतात. जरा नीट बोला." ते हसायचे. "मास्तरीणबाई, पोरांना सांगायलोय. तुमची परीक्षा न्हाई द्यायलो."

सगळं बोलून झालं की एकदम पाठवणार होते. ते राहून गेलं.

आपल्यात सुतक पाळत नाहीत. आजोबांना समाधी दिल्यावर तिसऱ्या दिवशीच मी त्यांचं कपाट आवरायला घेतलं. शेजारपाजारच्या बायका महिना महिना वस्तूला हात लावत नाहीत. मला मात्र हातात काम हवं होतं. कपडे दिले, कागद लावले, मग फोन. रिसेटच्या आधी इंग्रजीत स्पष्ट सूचना आली, सगळं कायमचं पुसलं जाईल. मी ती दोनदा वाचली. मनात आलं, या सगळ्या गोष्टी मीच मुलांना नीट भाषेत लिहून देईन... आणि बटण दाबलं. ते न समजून झालं नाही. दोन वर्षांत मी एक ओळही लिहिली नाही.

मंगळवारी चारच्या सुमाराला वैशाली लॅपटॉप मिटायला लागली. माझ्या तोंडून निघून गेलं, "दुकानदाराने नाही. मीच पुसला. मुद्दाम. त्यांच्या बोलण्याची मला लाज वाटत होती."

ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती, फोनकडे बघत होती. पडद्यावर चौकट आली होती.

तिने 'हो' दाबलं. ॲप फोनमध्ये गेलं, उघडलं. नव्या ॲपमधली यादी रिकामी असायला हवी. तिच्यात एक रेकॉर्डिंग होतं. तारीख त्याच दिवसाची, बावीस सेकंद.

"म्या काय बोलले न्हाई ह्याच्यात," वैशाली हळूच म्हणाली आणि तिने ते लावलं.

"गौरे, शिव्या, ऐकायलाव ना? तर त्या दिवशी चुडाव्याला लय गर्दी हाय, आन् मालगाडी... थांबा, तुमची आजी आली. आता ती चुका काढंल." मग ते हसले. मागून माझा आवाज आला, "पुरे आता, चहा गार होतोय."

वैशालीने आधी त्याची लॅपटॉपवर प्रत घेतली. मग सगळा फोन तपासला. दुसरं काही नाही. तिचं ॲप स्वतःच्या नोंदींशिवाय काहीच दाखवत नाही, जुन्या फाइल दिसायचा प्रश्नच येत नाही. फोनमध्ये मेमरी कार्ड नाही. दुसऱ्या दिवशी तिने ॲप काढून पुन्हा घातलं, तेव्हा यादी रिकामी आली. कंपनीतल्या दोघांना विचारलं. ते म्हणाले, असं होत नाही. मलाही ते पटतं. वहीत अकरा खुणांच्या खाली बारावी जागा मी कोरी सोडली आहे.

मालगाडीचं पुढे काय झालं, ते मला आठवत नाही. मी कधी नीट ऐकलंच नव्हतं. ते मी तुमच्यापासून हिरावून घेतलं, आणि परत देता येत नाही.

बावीस सेकंद उरले आहेत. या पत्रासोबत पाठवते. त्यातला एकही शब्द मी सुधारलेला नाही.

– आजी